बंद करून चालू

"नाही. आत्ता प्रिंटरचा एकही पत्ता भरायचा नाही," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. हा आवाज घरातला होता. तिच्या लेकीने, ठमीने, जमिनीवरचं काहीबाही उचलून तोंडाकडे नेलं की निघायचा तो.

कीबोर्डवर बोटं टेकवून बसलेला रीस्टार्टभाऊ जागच्या जागी थांबला. त्याला सगळं इस्पितळ याच नावाने ओळखायचं. कुठल्याही वॉर्डातून कसलीही तक्रार आली की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "एकदा रीस्टार्ट करून बघा." आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचंही, त्यामुळे नावाचा त्याला राग नव्हता.

"मॅडम, वॉर्डांतून फोनवर फोन येतायत," तो म्हणाला. "पत्ते भरून टाकतो ना पटापट. मागच्या वेळी वीज गेली तेव्हाही असंच झालेलं. भरले पत्ते, झालं चालू."

"आणि त्याच्या मागच्या वेळी?"

"तेव्हाही भरले."

"आणि पुढच्या वेळी?"

त्याने कीबोर्डवरून बोटं उचलली आणि खुर्ची मागे सरकवली.

सकाळी इस्पितळाच्या विजेचा मुख्य बोर्ड बदलायला घेतला होता. सर्व्हरच्या खोलीचीही वीज काही वेळ बंद ठेवावी लागली. मग वीज आली, दिवे लागले, लिफ्ट हलली आणि लॅबचा सर्व्हरही उठला. पण उठला तो सगळं विसरून. तपासण्यांचे रिपोर्ट शाबूत होते, ते वेगळ्या डिस्कवर असतात. गेल्या होत्या त्या सेटिंग्ज. कुठला रिपोर्ट कुठल्या वॉर्डाच्या प्रिंटरवर पाठवायचा, रक्त तपासणाऱ्या कुठल्या यंत्राकडून आकडे घ्यायचे, यातलं अलीकडचं त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. गंमत म्हणजे, केव्हाच भंगारात गेलेल्या एका प्रिंटरचा पत्ता त्याला पाठ होता, आणि वरच्या मजल्यावर झालेल्या नव्या अतिदक्षता विभागाची मात्र ओळखही नव्हती.

हा सर्व्हर तिने उभा केला होता. उभा केला म्हणायचं एवढंच. हाताने उचलून दाखवावं असं त्यात काही नाही. शेजारच्या सर्व्हरच्या खोलीत लोखंडी खोकं एकच, आणि त्याच्या पोटात पाच-सहा सर्व्हर भाडेकरूंसारखे राहतात, आपापली दारं लावून. लॅबचा त्यांतला एक. ठमी व्हायच्या आधी, पोट टेबलाला टेकायला लागल्यावरसुद्धा, हात लांब करून ती त्याच्यावर काम करत होती. मग रजा लागली. आता रजा संपवून ती परत आली होती, आणि परत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात हे.

दार ढकलून त्यांच्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब आत आले. त्यांच्यामागे लॅबच्या ताई. ताई म्हणजे लॅबच्या प्रमुख. केस पांढरे, चाल मात्र पोरीबाळींना मागे टाकणारी.

"काय गं," ताईंनी दारातूनच विचारलं, "बाळंतपणाला तू गेली होतीस की तुझा सर्व्हर? तू बरी ठणठणीत परत आलीस, आणि ह्याला काही म्हणजे काही आठवत नाहीये!"

रीस्टार्टभाऊ हसला. साहेब हसले नाहीत. ते तिच्याशी नेहमीच हळू बोलत, आणि रजेवरून आल्यापासून तर आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायला लागले होते.

"मी तुम्हाला काल म्हटलं तेच खरं," ते म्हणाले. "जुना झालाय तो. बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू, त्यांचा माणूस आज दुपारी येतोय. तुम्ही फोनच्या टेबलावर बसा. ठरल्या वेळेला यायचं, ठरल्या वेळेला जायचं. घरी लहान मूल आहे, डोक्याला हा ताण कशाला? मी तुमचाच विचार करतोय."

फोनच्या टेबलावर दिवसभर एकच. कोणाचा माऊस हलत नाही, कोणी पासवर्ड विसरलंय. साहेब वाईट वागले असते तर तिला भांडता आलं असतं. ते चांगलं वागत होते, तेच अवघड होतं. शिवाय आत कुठेतरी तिला स्वतःचीच खात्री नव्हती. परवा तिने किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. काल बोलता बोलता 'कात्री' हा शब्द आठवेना, तर नवऱ्याला दोन बोटं हलवून दाखवली होती. सर्व्हरवरची एक-दोन कामं करताना ती मध्येच थांबून, हे आपण पूर्वी कसं करायचो, असं मनाशी आठवत बसली होती. साहेबांना ते दिसलं नसेल असं थोडंच आहे?

"साहेब, जेवणाच्या सुट्टीपर्यंत द्या मला," ती म्हणाली. "पत्ते भरले की आत्ता चालू होईल, मला माहितीय. पण संध्याकाळी बोर्ड पक्का जोडायला वीज पुन्हा जाणार आहे ना? तेव्हा हे सगळं परत जाईल. आणि आत्ता भरलं की सगळे कामाला लागतील, मग कारण कोणी शोधू देणार नाही."

"आणि तोवर रिपोर्ट?"

"पायांनी जातील," ताई मध्येच म्हणाल्या. "सर्व्हर नव्हता तेव्हा काय कबुतरं पाठवायचो काय आम्ही? घाईचे फोनवर सांगू, बाकीचे पोरी नेऊन देतील." मग त्या तिच्याकडे वळल्या. "पण जेवणानंतर माझ्या पोरी एकही जिना चढणार नाहीत हां. सांगून ठेवते."

दोघं गेल्यावर खोलीत पंख्यांचा आवाज तेवढा उरला.

ठमी पहिल्यांदा रात्रभर रडली तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिला गप्प करायचा उपाय सुचवला होता. झुलवा, गाणं म्हणा, दिवा दाखवा. हळूहळू तिच्या लक्षात आलं की गप्प करणं वेगळं आणि का रडतेय ते बघणं वेगळं. त्यासाठी थोडा वेळ ते रडणं ऐकावं लागतं. आणि ते ऐकणं जिवावर येतं. आत्ताही बाहेर फोन वाजत होते, आणि तिला ते ऐकत बसायचं होतं.

तिने सर्व्हरवर एक रिकामी फाइल तयार केली. नाव काय द्यावं सुचेना, म्हणून 'ठमी' दिलं.

"भाऊ, तुमच्या आवडीचं काम. रीस्टार्ट करा."

त्याने उत्साहाने केलं. पडदा काळा झाला, मग अक्षरं धावू लागली. दोघं वाकून बघत होते. फाइल जिथल्या तिथे होती.

"बघा!" रीस्टार्टभाऊ म्हणाला. "रीस्टार्टने काही जात नाही. उगाच बदनाम करतात लोक."

तिने पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. फाइल जागची हलली नाही. म्हणजे सर्व्हर लक्षात ठेवतो. मग वीज गेल्यावर सगळं विसरतो ते का? तिने डिस्क तपासली, ठणठणीत. सेटिंग्जच्या फाइलींवरच्या तारखा पाहिल्या. सगळ्या तिच्या रजेच्या आधीच्या. जणू त्यानंतर या घरात कोणी पाऊलच टाकलं नव्हतं. पण रीस्टार्टभाऊने तर इतके महिने पत्ते भरले होते, नवे प्रिंटर जोडले होते. ते गेलं कुठे? तिला काही सुचेना. पूर्वी सुचलं असतं, असं मनात आलं आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"अगं, हिने बाटली बघितली की तोंड फिरवतेय बघ. काल प्यायली, आज नको. शेवटी वाटी-चमच्याने पाजलं. अर्धं पोटात, अर्धं माझ्या अंगावर."

"आई, रडली का फार?"

"रडतेय कशाला? आता पसरलीय माझ्या मांडीवर जहागीरदारीण असल्यासारखी. तुझं काय चाललंय?"

"माझं नाही जमत आहे, आई."

"जमेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांना सर्व्हर म्हणजे काय हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण 'जमेल' त्या भाजीत मीठ बरोबर आहे म्हणावं तशा सहज म्हणाल्या. "आणि आधी दूध काढ. वेळ होऊन गेलीय तुझी. कामाच्या नादात बसशील तशीच."

खरंच वेळ होऊन गेली होती. छाती दगडासारखी झाली होती. इस्पितळात आतून कडी लागेल अशी मोकळी खोली एकच, सर्व्हरची. ती आत गेली, कडी लावली, आणि लोखंडी खोक्याकडे पाठ करून थंडगार खुर्चीत बसली. दूध काढायचा पंप भिंतीतल्या प्लगला लावला. तो सुरुवातीला मंद चालायचा, मग बटण दाबत दाबत वेग वाढवायचा. तिने वाढवला. मागे सर्व्हरचे पंखे, मांडीवर पंपाची घरघर, दोन्ही सुरात सूर मिसळून चालले होते.

दारावर टकटक झाली.

"मॅडम, साहेब विचारतायत."

"येते म्हणावं!"

आवाज कमी करायला तिने पंप थांबवायचं बटण दाबलं. पावलं लांब गेली तशी पुन्हा दाबलं. पंप आधीच्याच वेगाने सुरू झाला. मग बाटली सारखी करायला ती वाकली आणि वायरला हिसका बसून प्लग निघाला. तिने परत लावला. आता पंप अगदी पहिल्यासारखा मंद, नवशिक्यासारखा चालायला लागला.

ती त्या पंपाकडे बघत राहिली.

थांबवला तर लक्षात ठेवतो. वीज तोडली तर विसरतो.

रीस्टार्टमध्ये यंत्र नुसतं डोळे मिटून उघडतं. पण सकाळी कोणी रीस्टार्ट केलं नव्हतं, सकाळी सर्व्हर पूर्ण बंद झाला होता. आणि ती मघापासून नुसतेच डोळे मिटायला लावत होती! घाई झाली होती, पण दूध अर्धवट सोडता येत नव्हतं. पुढची काही मिनिटं तिने खुर्चीत बसून, हसू दाबत, जबरदस्तीने धीर धरून काढली.

ती बाहेर आली तेव्हा ताई दारातच होत्या. त्यांनी तिच्या सदऱ्याची चुकीच्या घरात गेलेली दोन बटणं सोडवून नीट लावली.

"भाऊ, रीस्टार्ट नको. पूर्ण बंद करा. आणि मग चालू."

सर्व्हर बंद झाला, चालू झाला. 'ठमी' नव्हती.

"गेली!" ती ओरडली. आपलं बाळ हरवल्याचा एवढा आनंद कोणाला झाला नसेल.

मग पुढचं अवघड नव्हतं. चूक भाडेकरूच्या घरात नव्हतीच. ती घरमालकाकडे, म्हणजे मोठ्या खोक्याकडे होती. तिथे प्रत्येक सर्व्हरच्या डिस्कपुढे काही पर्याय असतात. लॅबच्या सर्व्हरच्या डिस्कपुढे जो पर्याय निवडलेला होता त्याचा अर्थ सरळ होता: सर्व्हर बंद झाला की मधल्या काळातले सगळे बदल टाकून द्या.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं. रागाने नाही, नुसतं विचारलं.

रीस्टार्टभाऊच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मॅडम... तुम्ही गेलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मला भीती वाटायची हो. तुमचं काम, आणि माझ्या हातून काही बिघडलं तर? तो पर्याय दिसला. वाटलं, बरंय, मी कितीही गोंधळ घातला तरी हे जसंच्या तसं राहील. तुम्ही परत आलात की तुमचं तुम्हाला जसं होतं तसं देता येईल. मग विसरूनच गेलो. मी रीस्टार्टच करायचो ना नेहमी, त्यात काही जायचं नाही."

तिला खरं तर चिडायला हवं होतं. पण घरी कोणी आपलं ताट झाकून ठेवावं तसं या माणसाने इतके महिने तिचं काम झाकून ठेवलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "माझा सर्व्हर तुम्ही फ्रीजमध्ये ठेवलात हो! मी किल्ल्या ठेवल्या, तुम्ही सर्व्हर." त्याला किल्ल्यांचं काही कळलं नाही, पण ती हसली म्हणून तोही हसला.

तिने पर्याय बदलला. मग पत्ते. आता भरायचे, आणि एकदाच. रीस्टार्टभाऊ जिने चढून प्रत्येक वॉर्डात गेला, प्रिंटरपुढे उभा राहून फोनवर एकेक आकडा वाचत राहिला, आणि ती भरत राहिली. बोटं आपोआप चालत होती. कुठल्या आज्ञेनंतर कुठली, हे आठवावं लागत नव्हतं. ते सगळं होतं तिथेच होतं. लॅबमधून एक मुलगी धावत आली, "मॅडम, आमच्या यंत्राचे आकडे दिसायला लागले!" आणि तशीच धावत परत गेली.

जेवणाची सुट्टी संपता संपता साहेब आले, सोबत बाहेरच्या कंपनीचा माणूस. प्रिंटर घरघरत होते, फोन गप्प होते.

"वा, झालं की चालू!" साहेब म्हणाले. "आता कृपा करून कोणी हात लावू नका."

"आता बंद करायचाय," ती म्हणाली.

"काय?"

"चालू झाला म्हणजे बरा झाला असं नाही, साहेब. चालू तर दर वेळी व्हायचा. बंद करून परत आला की खरं."

"भर दुपारी? अहो, सगळं इस्पितळ चालू आहे!" साहेबांनी कंपनीच्या माणसाकडे मदतीसाठी पाहिलं. "तुम्ही सांगा यांना."

तो माणूस पडद्याकडे वाकून सगळं वाचत होता. सरळ होत म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे. मीही हेच केलं असतं." मग जरा हसून, "मला मात्र चहावरच परत जावं लागणार, असं दिसतंय."

तिने फोन करून लॅबला सांगितलं. ताई म्हणाल्या, "कर गं बंद. आमचे श्वास आम्ही धरतो."

"बंद मी करते," ती रीस्टार्टभाऊला म्हणाली. "चालू तुम्ही करायचा."

त्याने शर्टाला हात पुसले.

तिने बंद केला. पडदा काळा झाला. नेहमीसारखी अक्षरं धावली नाहीत. नुसता काळा पडदा, आणि त्यात चौघांचे चेहरे. तिने मान हलवली. रीस्टार्टभाऊने चालू केला.

अक्षरं आली. एकेक ओळ वर सरकत गेली. शेवटी नाव विचारणारी चौकट आली. तिने आत जाऊन पत्ते उघडले. एक, दोन, सगळे. नवा अतिदक्षता विभागसुद्धा.

कोणी काही बोलायच्या आत फोन वाजला. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर होत्या. "अहो, आमचा प्रिंटर स्वतःहूनच बोलायला लागला! तीन रिपोर्ट आले धडाधड. ताईंना म्हणावं, पोरींना खाली बोलावून घ्या आता."

रीस्टार्टभाऊने हवेत मूठ मारली, आणि साहेबांना बघून ती खिशात घातली. खालून, लॅबमधून, टाळ्यांचा आवाज इथवर ऐकू आला.

साहेबही खूश होते. पण जाता जाता दारात थांबले. "संध्याकाळी वीज जाईल तेव्हा तुम्ही थांबाल ना?"

हाच तो प्रश्न. थांबते म्हणाली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण मग पुढच्या वेळीही थांबावं लागलं असतं, आणि त्याच्या पुढच्या. आणि एखाद्या दिवशी ठमीला ताप आल्यावर साहेब पुन्हा म्हणाले असते, मी तुमचाच विचार करतोय.

"नाही," ती म्हणाली. "मी ठरल्या वेळेला घरी जाणार. भाऊ आहेत इथे, आणि त्यांनाही काही करावं लागणार नाही."

"आणि लागलं तर?"

"तर उद्या सकाळी फोनच्या टेबलावर येऊन बसते, एक शब्द न बोलता. पण नाही लागलं, तर टेबलाचा विषय परत काढायचा नाही, साहेब."

रजेवरून आल्यापासून पहिल्यांदाच साहेब आजाऱ्याशी बोलल्यासारखं न बोलता, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे."

संध्याकाळी ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. ठमी दिवसभराची वसुली करत होती. डोळे मिटून, एका हाताची मूठ आईच्या बोटाभोवती घट्ट. फोन पलीकडे उशीवर होता. तिने त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघतच होती.

वाजला. रीस्टार्टभाऊ.

तिने मोकळ्या हाताने फोन ओढला. "बोला भाऊ."

"मॅडम, वीज गेली. आली."

"बरं. मग?"

"काही नाही झालं."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही झालं, मॅडम! सर्व्हर उठला, प्रिंटर चालू, यंत्रं चालू. मी नुसता हाताची घडी घालून उभा होतो. हे सांगायला फोन केला." मागून ताईंचा आवाज आला, "अरे ठेव तो फोन, पोरीला घेऊन बसली असेल ती!" पण त्याला राहवेना. "आणि साहेब इतका वेळ इथेच होते. आत्ता गेले. जाताना म्हणाले, फोनच्या टेबलासाठी दुसरं कोणीतरी बघायला हवं."

स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "कोणाचा गं फोन? काय झालं?"

"काही नाही, आई," ती म्हणाली, आणि हसू आवरेना तशी हसत सुटली. त्या हसण्याने ठमीचं डोकं हिंदकळलं. तोंडातलं दूध सोडून तिने वर पाहिलं, कपाळाला आठ्या घालून, चांगलीच रागावून. मग आईचा चेहरा नीट बघून झाल्यावर पुन्हा आत वळली आणि प्यायला लागली.